गाठ सोडायची, कापायची नाही

सिझेरियनसाठी बाईला ऑपरेशन थिएटरात न्यायचं, तर आधी तिच्या अंगावरचं सगळं उतरवून घ्यायचं. हे काम मी 34 वर्षं केलं. 1985 साली मुंबईच्या उपनगरातल्या एका रुग्णालयात प्रसूती विभागात नर्स म्हणून लागले, 2019 ला तिथूनच निवृत्त झाले. अंगावर धातू असला तर कॉटरी, म्हणजे विजेवर चालणारं शस्त्रक्रियेचं हत्यार, वापरताना त्या जागी भाजण्याची भीती असते, दोऱ्यांत मळ आणि जंतू साठलेले असतात, हात सुजले तर बांगडी रुतते. म्हणून पैंजण, जोडवी, मंगळसूत्र, बांगड्या काढून नातेवाइकांच्या हातात द्यायचं आणि सही घ्यायची. बायका सोनं मुकाट्याने काढून देत. अडायचं ते दोऱ्यापाशी. दंडाचा काळा दोरा, कमरेचा करगोटा, गळ्यातला ताईत. बाजारात ज्याचे चार आणे येणार नाहीत, त्याच्यावर मूठ घट्ट आवळलेली असायची.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. रात्रपाळी, अडीच वाजलेले. बाळाचे ठोके खाली चालले होते, डॉक्टर हात धुऊन उभे होते. त्या बाईची आधीची दोन मुलं जन्मून गेलेली. तिच्या उजव्या दंडावर गाठी मारलेला काळा दोरा होता आणि त्यात लाखेने तोंड बंद केलेला तांब्याचा बारीक ताईत. ती म्हणाली, "सिस्टर, एवढा राहू द्या." मी खिशातली कात्री काढली आणि दोरा कापला. तो किडनी ट्रेमध्ये पडला आणि रक्ताच्या बोळ्यांबरोबर कचऱ्यात गेला. बाळ रडायला वेळ लागला. पुढचे तीन दिवस ती बाई मला एकच विचारत होती, माझा दोरा कुठाय? चौथ्या दिवशी बाळाला दुसऱ्या रुग्णालयात हलवलं. त्यानंतर त्या मायलेकरांचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

दोरा कापला म्हणून बाळाला काही झालं असं मी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. पण ज्याला धरून तिने नऊ महिने काढले ते मी तिच्या डोळ्यांदेखत तोडलं आणि दोन शब्द बोलायलाही थांबले नाही. ती माझी चूक होती. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही छातीत कळ येते.

आमच्या वॉर्डात एक आयाबाई होत्या, वयाने माझ्या आईएवढ्या, सातारा भागातल्या. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, गाठ सोडायची असती, कापायची न्हाई. गाठ मारताना कुणीतरी तिच्यात बोललेलं असतंय." मग त्यांनी केसातला आकडा काढला, त्याच्या टोकाला खोबरेल लावलं आणि माझ्याच पेनाला बांधलेल्या दोऱ्याची गाठ सोडून दाखवली. अर्धा मिनिट लागला. त्या दिवसापासून माझ्या खिशात कात्रीबरोबर एक आकडा राहिला. सोडलेला दोरा मी केसपेपरच्या मागे चिकटपट्टीने लावायचे, बाई वॉर्डात परत आली की बाळाच्या आधी तो तिच्या हातात द्यायचे. अर्धा मिनिटही नसेल तेव्हा कापलाच, पण गाठीला धक्का न लावता, बाजूला. आणि कानाशी सांगायचे, "गाठ शाबूत आहे बरं का."

मावशी म्हणाल्या ते किती खोल होतं हे मला पुढे हळूहळू कळत गेलं. आपल्याकडे गंडा म्हणतात तो नुसता दोरा नसतो. देणारा माणूस एकेक गाठ मारताना एकेक मंत्र म्हणतो, तो मंत्र त्या गाठीत बसतो अशी समजूत. अनंत चतुर्दशीचा अनंताचा दोरा घ्या, त्याला 14 गाठी. माझी सासू तो वर्षभर जपायची आणि पुढच्या वर्षी नवा बांधल्यावरच जुना विसर्जन करायची.

आमच्या वॉर्डात मुसलमान बायका भरपूर असत. एकदा एक सासू आपल्या सुनेच्या कण्हण्याबरोबर हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, यात मी पहाटेच्या मालकाकडे आसरा मागते, अंधारापासून, मत्सर करणाऱ्यापासून, आणि गाठींवर फुंकर मारणाऱ्यांपासून. तो कुराणातला 113 वा सूरा, म्हणजे अध्याय, अल-फलक. मी चमकले. गाठ बांधून राखायचं हे मला माहीत होतं, इथे गाठीपासूनच राखणं मागितलं होतं. कारण गाठ दोन्ही करते. भल्याने मारली तर आधार, वाकड्याने मारली तर करणी. त्या सूऱ्याची सुरुवात 'कुल अऊजु' अशी होते, म्हणजे 'म्हण, मी आसरा मागतो'. तावीज हा शब्दही त्याच अरबी मुळातला. आपला ताईत त्याचाच भाऊबंद असणार असं मला वाटतं. आपण जिवाभावाच्या माणसाला 'गळ्यातला ताईत' म्हणतो तेव्हा मला हा अर्थ आठवतो. ज्याच्याकडे आसरा मागावा असं माणूस.

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवलंय की गरोदर बाईजवळ बोटांत बोटं गुंतवून बसणं म्हणजे तिच्यावर चेटूक करणं. बोटांची सुद्धा गाठच ती. बांधलेलं काही जवळ असेल तर बाळाची वाट अडते, ही भीती तिथेही होती. माझ्या मावशींनी प्लिनीचं नाव ऐकलं असण्याचा प्रश्नच नाही. पण कळा सुरू झाल्या की त्या आधी बाईचा अंबाडा सोडायच्या, मग परकराची नाडी सैल करायच्या. नऊ महिने गाठ धरून ठेवते, त्या रात्री मात्र ती सुटायला हवी. म्हणूनही मावशींना कात्री नको असेल.

ज्यांच्या अंगावर काहीच नसे अशाही बायका येत. त्यातली एखादी डोळे मिटून रामरक्षा पुटपुटायची. लहानपणी तिन्हीसांजेला आजीच्या मांडीला टेकून ती म्हणताना मला कधी लक्षात आलं नव्हतं, पण त्या स्तोत्रात एक ओळ आहे, 'यः कण्ठे धारयेत्'. जो हे कंठात धारण करील. आजी म्हणायची, याचे दोन अर्थ गं. लिहून गळ्यात बांध, नाहीतर पाठ करून गळ्यात ठेव. दुसरा ताईत कुठलीही नर्स उतरवून घेऊ शकत नाही.

आता पाचवीबद्दल. बाळ पाच दिवसांचं झालं की त्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहिते. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, आणि ज्या विळ्याने किंवा ब्लेडने नाळ कापली ते हत्यारही पूजेत ठेवतात. त्या रात्री घरात कुणीतरी जागं राहतं. नर्सिंग शिकताना मला या पाचवीचा राग यायचा. मग बाळाचा धनुर्वात शिकले. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली, वर राख किंवा शेण लावलं, की साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान बाळाला झटके यायला लागतात. आधी ते दूध ओढेनासं होतं. बहुतेक वेळा वाचत नाही. मग ही पाचवी मला वेगळीच दिसायला लागली. हा माझा स्वतःचा तर्क आहे, पण मला तो पक्का वाटतो. आपल्या पणज्यांनी रांगेने बाळं जाताना पाहिली होती, कोणत्या दिवसांत जातात ते त्यांना ठाऊक होतं, आणि संशय कशावर घ्यायचा हेही त्यांच्या हातांना ठाऊक होतं. नाहीतर ब्लेडची पूजा कोण कशाला करील? फक्त ते ब्लेड उकळायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गरोदरपणातली धनुर्वाताची लस आणि स्वच्छ ब्लेड गावोगावी पोचलं, आणि 2015 साली आईचा व नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी मी वॉर्डात पेढे वाटले होते.

सटवाईसारखी बाई जगात इतरत्रही आहे हे मला निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं. इराकच्या भूमीवर, मेसोपोटेमियात, लमाश्तू नावाची राक्षसीण होती. ती गरोदर बाईच्या पोटाला सात वेळा हात लावते आणि बाळ नेते. तिच्यापासून राखायला तिथल्या बायका पाझुझू नावाच्या दुसऱ्या एका दुष्टाचं डोकं गळ्यात घालत किंवा खोलीत लावत. पाझुझू म्हणजे वाईट वाऱ्यांचा राजा, कुत्र्यासारखं तोंड, पंख, नखं, बघवणार नाही असं रूप. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याची वीतभर उंचीची ब्राँझची मूर्ती आहे, वरती कडी आहे टांगायला. बाळाच्या उशाशी देखणा देव ठेवायचा सोडून हे का, असं मला आधी वाटलं. पण तीन तास कळा दिलेली बाई मी पाहिलेली आहे. तिला त्या वेळी सुंदर काही नको असतं. दारात उभं राहील असं कुणीतरी दांडगं हवं असतं. प्राचीन इजिप्तमधल्या बायकांची तावरेत देवी तशीच, पोट सुटलेली पाणघोडी, तोंड वासलेली. यहुदी घरांत बाळंतिणीच्या खोलीत लिलिथ नावाच्या राक्षसिणीपासून राखायला तीन देवदूतांची नावं लिहून लावत. आणि आपण बाळाला तीट लावतो, गालबोट लावतो, म्हणजे ज्याला न्यायचंय त्याला वाटावं, हे काही फार चांगलं नाही.

दोरा बांधा असं मी कुणाला सांगत नाही. पण बांधलेला दिसला तर मी आता आधी हात लावून बघते, त्यात काय आहे. 2009 साली न्यूयॉर्कमध्ये कंबोडियन कुटुंबातल्या एक वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं सापडलं. घरातला रंग, पाणी, खेळणी सगळं तपासलं. शेवटी कळलं की बाळाच्या गळ्यातल्या गाठी मारलेल्या दोऱ्यात एक धातूचा मणी होता आणि त्यात जवळपास निम्मं शिसं होतं. बाळ तो मणी तोंडात घालायचं. आईबापांनी राखायलाच तो बांधला होता, केवढं दुःख झालं असेल त्यांना. म्हणून मी आयांना सांगायचे, बाळाला बांधायचं तर नुसता सुती दोरा, मणी नको, पेटी नको, गळ्यात तर मुळीच नको. गळ्याला फास बसतो. तीट तळपायाला लावा, डोळ्यांत काजळ-सुरमा घालू नका, सुरम्यातही शिसं असतं. एकाही आईने मला उलट उत्तर दिलं नाही. तिच्या दोऱ्याचा मान राखला की ती तुमचंही ऐकते, हे मी शेकडो वेळा अनुभवलंय.

आणि एका गोष्टीला मात्र माझ्याकडे क्षमा नाही. दोरा औषधाच्या बरोबर असेल तर असू दे, औषधाच्या जागी नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवलाय. काही लोकांना वाटतं तो कायदा सगळ्याच दोऱ्यांच्या विरुद्ध आहे. नाही. माणसाला दवाखान्यापासून अडवणाऱ्या दोऱ्याच्या विरुद्ध आहे. ती ओळ मला स्वतःच्या हाताने वॉर्डाच्या भिंतीवर लिहावीशी वाटायची.

गेल्या वर्षी माझी लेक टोकियोत बाळंत झाली. ती आणि जावई निशी-कासाईत राहतात, तिथे आपली मंडळी बरीच आहेत. सातव्या महिन्यात मी तिला मुंबईहून हळीव, डिंक, वेखंड आणि एक काळा सुती दोरा पाठवला. मी मंत्र घालणारी बाई नाही. पण दोऱ्याला पाच गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीला एकेका बाईचं नाव घेतलं. आजी, आई, सासूबाई, मावशी. पाचव्या गाठीला त्या अडीच वाजताच्या बाईची आठवण धरली, कारण तिचं नाव मी विसरले होते.

आठव्या महिन्याच्या शेवटी मी तिथे पोचले तर लेकीच्या पर्सला एक गुलाबी रेशमी पिशवी लटकलेली. तिच्या ऑफिसातल्या एका बाईंनी दिलेली ओमामोरी, म्हणजे जपानी ताईत, सुखरूप बाळंतपणासाठीची. निंग्योचो भागातल्या सुइतेन्गू देवळातून आणलेली. पाचव्या महिन्यात जपानी पंचांगातल्या श्वानाच्या दिवशी तिथे गरोदर बायका जातात, पोटाला बांधायचा पट्टा आणतात. कुत्री सहज विते, म्हणून तो दिवस. मी पिशवी उघडून बघायला गेले तर लेकीने हात धरला. "आई, उघडायची नसते गं." आत लिहिलेलं असतं ते बघितलं की गुण जातो. पण मला आतलं बघायचंच राहिलं नाही, कारण मी तिची गाठ बघितली. पांढऱ्या दोरीची गाठ समोरून चौकोन दिसते, मागून फुली. चौकोन म्हणजे त्यांच्या लिपीत तोंड, फुली म्हणजे दहा, आणि दोन्ही अक्षरं शेजारी ठेवली की होतं 'पूर्ण होवो'. म्हणजे ती गाठच एक अक्षर आहे. मावशी म्हणाल्या होत्या, गाठीत कुणीतरी बोललेलं असतं. इथे ते डोळ्यांनी वाचता येत होतं. मी कितीतरी वेळ ती गाठ उलटसुलट करून बघत बसले.

कळा सुरू झाल्यावर तिथल्या सुईणबाईंनी लेकीच्या मनगटावरचा दोरा बघितला. माझ्या छातीत धस्स झालं. त्यांनी विचारलं, "ओमामोरी?" लेक म्हणाली, "हाय," म्हणजे हो. बाईंनी कापूस आणि पारदर्शक पट्टी आणली आणि दोऱ्यावरून अलगद गुंडाळली. मी तिथेच रडले. लेकीला वाटलं मी तिच्यासाठी रडतेय.

पाचव्या दिवशी घरी सोडलं. सोबत लाकडाची एक छोटी डबी दिली, बाळाची नाळ सुकून पडली की त्यात ठेवायची. जपानी घरात ती आयुष्यभर जपतात. आपल्याकडे पुरतात. त्याच संध्याकाळी मी पाचवी मांडली. पाटा-वरवंटा कुठून आणणार, खलबत्त्यातला बत्ता ठेवला. ब्लेडच्या जागी ती रिकामी डबी. कोऱ्या कागदाची वेळ आली तेव्हा लेकीने तिची माता-बाल पुस्तिका पुढे केली. तिथे गरोदरपण नोंदवलं की पालिकेकडून ही पुस्तिका मिळते, 1942 साली गरोदर बायकांसाठी सुरू झाली आणि 1948 पासून आईची आणि बाळाची मिळून एक. वजन, उंची, लसी, दात कधी आला, सगळे रकाने. आमच्या नातीचे अजून कोरेच होते. मी ते पान उघडून वर पेन ठेवलं. सटवाईला तिथे लिहायला भरपूर जागा होती.

महिन्याने आम्ही सुइतेन्गूला गेलो. काम झालं की ओमामोरी देवळात परत द्यायची, ते लोक विधीने जाळतात. लेकीने पिशवी पेटीत सोडली आणि हात जोडले. मग मला म्हणाली, "आई, आपला दोरा?"

बाहेर बाकावर बसून मी तिचं मनगट मांडीवर घेतलं. पट्टी आधीच निघाली होती. दोरा पाण्याने, साबणाने आटलेला, गाठी खडीसाखरेसारख्या कडक. चार सुटल्या. पाचवी काही केल्या सुटेना. आकड्याचं टोक बोथट झालं होतं, थंडीने बोटं वळत नव्हती. जावयांनी की-चेनमधली छोटी कात्री पुढे केली. मी मान हलवली आणि आकडा ओठात धरून हात चोळले. नात जागी झाली, दूध पिऊन पुन्हा झोपली, तरी माझं चाललंच होतं. शेवटी एक धागा हलला.

सुटलेला दोरा सरळ होत नव्हता, जिथे जिथे गाठ होती तिथे बाक राहिला होता. त्या पुस्तिकेच्या प्लास्टिकच्या वेष्टनाला आत एक खिसा असतो, त्यात लसीचे कागद ठेवतात. लेकीने दोरा गुंडाळून त्यांच्या मागे सरकवला.